रोबो आधी गणपतीच्या मांडवात न्या, मग स्पर्धेला

आमची टीम पुण्यात सिंहगड रोडला एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये जमते. आठवी ते बारावीची अकरा मुलंमुली, मी त्यांची मेंटॉर, सगळी मला काकू म्हणतात. माझी नोकरी चाकणला, वायरिंग हार्नेसच्या कामात, त्यामुळे वायर कुठे सुटणार ते मला लांबून दिसतं, प्रोग्रामिंग पोरं बघतात. चार सीझन झाले आम्ही फर्स्ट टेक चॅलेंज, म्हणजे एफटीसी, ही शाळकरी मुलांची रोबो स्पर्धा खेळतोय. दर वर्षी कोणीतरी पालक नाहीतर शाळेतले सर फोन करतात की टीम काढायचीय, स्पर्धेला न्यायचीय, काय काय करावं लागतं, आणि मी दरवेळी तेच अर्धा तास बोलते, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढते.

ज्यांना खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 12 फूट बाय 12 फुटाचं मैदान, त्यात फोमच्या 36 टाइल्स, एका मॅचला चार रोबो, दोन विरुद्ध दोन. मॅच अडीच मिनिटांची. पहिली 30 सेकंद रोबो स्वतःच्या प्रोग्रामवर चालतो, कोणी काही करायचं नाही, याला ऑटोनॉमस म्हणतात, मग 2 मिनिटं पोरं गेमपॅडने चालवतात. सुरुवातीला रोबो 18 इंचाच्या चौकोनी खोक्यात मावला पाहिजे. वय 12 ते 18, एका टीममध्ये जास्तीत जास्त 15 मुलं, आणि दर सप्टेंबरला नवा खेळ जाहीर होतो. लीगच्या मॅचमध्ये तुमचा जोडीदार कोण हे वेळापत्रक ठरवतं, या मॅचला जो सोबत तो पुढच्या मॅचला समोर उभा असू शकतो, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. हे सगळं चालवणारी फर्स्ट ही संस्था डीन केमन यांनी अमेरिकेत 1989 साली काढली. नियम दर वर्षी बदलतात त्यामुळे त्या त्या वर्षीचं मॅन्युअल पोरांकडूनच मोठ्याने वाचून घ्या, दोन रविवार जातात पण जाऊ द्या.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या वर्षी आम्ही पाच महिने क्लबहाऊसमधून बाहेरच पडलो नाही. रोबो छान चालायचा, गुळगुळीत फरशी, पंखा, आपलीच माणसं. स्पर्धेत पहिल्याच मॅचला ऑटोनॉमसमध्ये दुसऱ्या रोबोची धडक बसली आणि आमचा जागेवर बंद. पुढची पूर्ण दोन मिनिटं. ड्रायव्हर होती नववीतली मुलगी, तिने गेमपॅड खाली ठेवला नाही, शेवटपर्यंत स्टिक पुढे दाबून उभी होती, ते मला अजून दिसतं. कारण काय, तर बॅटरीचा पिवळा कनेक्टर. त्याला ताण बसू नये म्हणून वायर केबल टायने फ्रेमला बांधायची असते, ती बांधलेली नव्हती. माझ्या रोजच्या कामातली गोष्ट, आणि माझं लक्ष गेलं नाही कारण पाच महिन्यांत तो कनेक्टर एकदाही सुटला नव्हता. सुटणार कसा, तिथे धडक मारायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही गणपतीत चार संध्याकाळी सोसायटीजवळच्या मंडळात रोबो घेऊन बसलो. एका संध्याकाळी साठ-सत्तर फेऱ्या. पहिल्याच दिवशी चार गोष्टी सुटल्या, दुसऱ्या दिवशी दोन, चौथ्या दिवशी काहीच नाही. त्या वर्षी स्पर्धेत रोबो बंद पडून एकही मॅच गेली नाही. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की लोकांतले कार्यक्रम म्हणजे फक्त समाजसेवेच्या रकान्यात लिहायची गोष्ट नाही, स्पर्धेची खरी तालीम तीच, रोबोचीही आणि पोरांच्या तोंडाचीही.

मांडवात जागा कशी मागायची

मंडळाचे कार्यकर्ते वर्गणीला येतात ना, तेव्हाच बोलून ठेवा, गणपती बसल्यावर त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. मागणी छोटी ठेवा, दहा बाय दहा फूट जागा आणि आरतीच्या आधीचा दीड तास. दिवस पहिल्या चारांतले घ्या, गौरी गेल्या की पुण्यात देखावे बघायला एवढी गर्दी होते की तिथे रोबो चालवणं धोक्याचं आहे. वीज मागू नका, डेकोरेशनच्या लोडवर आपला चार्जर लावायचाच नाही, बॅटऱ्या घरून भरून न्यायच्या.

आम्हाला पहिल्यांदा विचारलं होतं, वहिनी, गणपतीत रोबो कशाला? मी म्हटलं अहो 2008 साली एबीयू रोबोकॉन, म्हणजे आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची रोबो स्पर्धा, आपल्या पुण्यात झाली तेव्हा आपण जगाला विषयच दहीहंडीचा दिला होता, गोविंदा नावाने, आणि 2014 ला ती स्पर्धा परत पुण्यात आली. सण आणि रोबो हे पुण्याला नवीन नाही. एवढं ऐकल्यावर जागा मिळाली, वर एक टेबल आणि दोरीही मिळाली.

सप्टेंबरमध्ये नवा खेळ नुकताच आलेला असतो नाहीतर यायचा असतो, त्यामुळे मांडवात मागच्या वर्षीचा रोबो न्यायचा. त्याला मोडू नका म्हणून मी सगळ्या टीमना सांगते, नवीन मोटर घ्यायला पैसे नाहीत म्हणून लगेच जुना खोलू नका, निदान गणपती होईपर्यंत.

पावसाचं बघा. फोमच्या टाइल्स एकदा भिजल्या की लवकर वाळत नाहीत, वर ताडपत्री आहे ना ते आधी दिवसा जाऊन बघून या. दुसरं, आवाज. शेजारी ढोल-ताशा सुरू झाला की पोरांचं बोलणं कोणालाच ऐकू येत नाही, म्हणून मोठ्या अक्षरात मराठीत चार पुठ्ठे लिहून ठेवायचे, हा कॅमेरा, हा बॅटरीचा भाग, हे चाक आडवंही जातं, वगैरे. तिसरं वायफाय. रोबो आणि ड्रायव्हरच्या हातातलं यंत्र एकमेकांशी वायफायने बोलतात, आणि मांडवात दोनशे मोबाईल असतात. आमचा रोबो तिथे अडखळायला लागला तेव्हा पोरांनी 2.4 गिगाहर्ट्झवरून 5 वर नेला, चॅनल बदलला, आणि हे त्यांना मांडवात करता आलं म्हणून स्पर्धेच्या हॉलमध्ये अडखळलं तेव्हा कोणी घाबरलं नाही.

सुरक्षेचं मात्र मी कोणाचंही ऐकत नाही. दुसऱ्या वर्षी एक लहान मुलगी वाकून बघत होती आणि तिच्या ओढणीचं टोक रोबोच्या पुढच्या फिरत्या रोलरकडे गेलं, आमच्या मुलाने वेळेत थांबवलं म्हणून काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून नियम. चारी बाजूंनी दोरी, रोबोपासून हातभर नाही तर चांगली लांब. एक मुलगा फक्त स्टॉप बटणावर, तो गप्पा मारणार नाही, फोटो काढणार नाही, दर पंधरा मिनिटांनी माणूस बदलायचा. रोबोसाठी वेगळा प्रोग्राम, त्यात मोटरची ताकद तीस टक्क्यांवर बांधलेली. आणि आपल्या पोरांच्या डोळ्यांना गॉगल, स्पर्धेत पिटमध्ये, म्हणजे टीमच्या दुरुस्तीच्या जागेत, आणि मैदानाजवळ तो लागतोच, सवय इथेच लागू दे.

पोरांना बोलायला कसं शिकवायचं

शिकवायचं नाही, उभं करायचं. मांडवात तीन तऱ्हेची माणसं येतात. लहान मुलं विचारतात मी चालवू का. आईबाप विचारतात किती खर्च आला आणि कोणत्या क्लासला जाता. आणि आजोबा लोक विचारतात, बाळ, याचा उपयोग काय. हा तिसरा प्रश्न सोन्यासारखा आहे, कारण स्पर्धेत जज वेगळ्या शब्दांत हेच विचारतात, हा भाग असाच का केला, दुसरं काय करून बघितलं, काय फसलं.

पहिल्या दिवशी आमचा दहावीतला मुलगा एका आजोबांना पीआयडी कंट्रोल समजवायला लागला आणि आजोबा मान डोलवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी एक आजी आल्या तेव्हा तो म्हणाला, आजी, दूध वर यायला लागलं की तुम्ही गॅस बारीक करता ना, उतू जायच्या आधीच, तसं रोबोचा हात ठरलेल्या उंचीजवळ आला की स्वतःच मोटर बारीक करतो. आजींना कळलं. मला विचाराल तर त्यालाही त्या दिवशीच नीट कळलं. पुढे मुलाखतीत त्याने हेच इंग्रजीत सांगितलं आणि जज लिहून घेत होते.

मराठी मीडियमची मुलं असतील तर हे जास्तच करा. आमच्यात तीन आहेत, त्यांना मुलाखतीची धास्ती रोबोमुळे नव्हती, इंग्रजीमुळे होती. आधी मराठीत शंभर लोकांना सांगून झालं की इंग्रजीत फक्त शब्द बदलायचे राहतात. आणि कोणत्या भाषेत बोललेलं चालेल ते आयोजकांना आधीच मेल करून विचारा, लाजायचं काय त्यात.

जिल्हा परिषदेच्या शाळा

वर्षातून दोन-तीन शनिवारी आम्ही मुळशीकडच्या शाळांत जातो, शनिवारी सकाळची शाळा असते ते बरं पडतं. मुख्याध्यापकांना आधी भेटून या, वर्ग किती, पटावर मुलं किती, मैदान आहे की व्हरांडा. भाषण नको, प्रेझेंटेशन तर नकोच. गेल्या गेल्या रोबो सुरू करायचा आणि गेमपॅड त्यांच्या हातात द्यायचा, प्रत्येकाला एक मिनिट, रांगेत, तीस टक्के ताकदीचा तोच प्रोग्राम. आम्ही एकदा आधी वीस मिनिटं माहिती दिली होती, पोरांचे डोळे सगळा वेळ रोबोवर होते, एक शब्द कोणी ऐकला नाही आणि त्यांची काही चूक नव्हती.

पण रोबो तर आपण परत घेऊन येतो, मग मागे काय राहतं? यावर आमच्या पोरांनी खूप विचार केला. आता आम्ही सेल, चुंबक आणि तांब्याच्या तारेची साधी मोटर करायला लावतो. अरविंद गुप्ता यांनी आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचं जे काम केलं त्यात ही मोटर आहे आणि सगळं फुकट बघायला मिळतं. वीस-पंचवीस संच करायला खर्च फार नाही, तार आणि चुंबक तपकीर गल्लीत मिळतात. ती मोटर पोरं घरी नेतात, आणि तारेच्या एका टोकाचं इनॅमल अर्धंच का खरवडायचं हे ज्याला कळलं त्याला आमच्या रोबोतली मोटर अर्धी कळली.

प्रत्येक कार्यक्रमाची नोंद त्याच रात्री वहीत. तारीख, जागा, साधारण किती लोक, काय तुटलं, कोणी कोणता प्रश्न विचारला ज्याचं उत्तर आलं नाही. एफटीसीत इंजिनिअरिंग पोर्टफोलिओ, म्हणजे रोबो आणि टीमच्या कामाचा अहवाल, द्यायचा असतो, वरचं पान सोडून 15 पानं, आणि फेब्रुवारीत बसून सप्टेंबरचं आठवायला गेलं की आकडे फुगतात. फुगवू नका. मांडवापुढून पाच हजार लोक गेले असतील पण थांबून बोलले ऐंशी, तर ऐंशी लिहा. आणि काय तुटलं तो रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आमच्या पोर्टफोलिओतली दोन पानं त्याच्यावरच उभी आहेत.

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला सगळीकडून बोलावणी येतात. एकच घ्या.

स्पर्धेची पेटी

खरेदी आधीच उरका. नट-बोल्ट बोहरी आळीत, वायर, कनेक्टर, केबल टाय तपकीर गल्लीत, पत्रा नाहीतर ॲक्रिलिक लेझर कटिंगला भोसरीत भरपूर लोक आहेत, ड्रॉइंग नीट दिलं तर छोटं कामही करून देतात. जिथे जिथे हादरा बसतो तिथे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, लावा. साधा नट मांडवात टिकतो, स्पर्धेत सुटतो.

पेटीत काय? प्रत्येक मापाच्या दोन एलन की, कारण एक हरवतेच. नट पाने, पक्कड, कातरी, केबल टायचं अख्खं पाकीट, इन्सुलेशन टेप, मल्टिमीटर, दोन एक्स्टेंशन बोर्ड, जास्तीचा गेमपॅड आणि त्याच्या जास्तीच्या वायरी, 20 अँपिअरचे फ्यूज, एक मोटर आणि दोन सर्वो (ठरलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटर) राखीव, मार्कर, पांढरी चिकटपट्टी. रोबोसाठी लाकडी खोकं आणि जुन्या गादीचा फोम. विमानाने जाणार असाल तर बॅटऱ्यांचं आधी विमान कंपनीला विचारा आणि कनेक्टरचं तोंड टेपने झाका, आम्ही शक्यतो रेल्वेने जातो, पोरं रोबोला खालच्या बर्थवर झोपवतात.

बॅटरीवर थोडं जास्त लिहिते कारण सगळ्यात जास्त मॅच इथे जातात. या रोबोला 12 व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी लागते. निदान चार तरी ठेवा, प्रत्येकीवर मार्करने नंबर. प्रत्येक मॅचला ताजी बॅटरी, मागची मॅच छोटी झाली तरी बदलायची. आम्ही मॅचला जायच्या आधी मल्टिमीटर लावतो आणि साडेबारा व्होल्टच्या खाली असेल तर ती लावत नाही, कारण बॅटरी उतरली की ऑटोनॉमसमध्ये रोबो कमी अंतर जातो आणि पोरं प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात जी तिथे नसतेच. मॅचवरून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला नको, आधी थंड होऊ द्या. एका मुलाकडे फक्त हे खातं द्या, कागदावर तक्ता करून पिटच्या भिंतीला लावायचा, कुठली कधी लावली, कुठली चार्ज होतेय. आमच्याकडे हे काम आठवीतली सगळ्यात लहान मुलगी करते आणि तिच्या सहीशिवाय बॅटरी हलत नाही.

जानेवारीच्या कोरड्या हवेत अजून एक भानगड होते. फोमच्या टाइल्सवर चाकं घासून रोबोवर स्थिर वीज साठते आणि दुसऱ्या रोबोला नाहीतर मैदानाच्या धातूच्या भागाला लागला की चटका बसून मधलं कनेक्शन तुटतं. इलेक्ट्रॉनिक्स उघड्या धातूपासून लांब बसवा, वायरी आवरून बांधा. गेमपॅडच्या यूएसबी वायरीलाही टेपने बांधायचं, ती हिसका बसून निघते.

त्या दिवशी

सकाळी पहिलं काम इन्स्पेक्शन, म्हणजे रोबो नियमात बसतो का ही तपासणी. यादी आधीच मिळते, घरी 18 इंचाचं पुठ्ठ्याचं खोकं करून त्यात रोबो दहा वेळा बसवून बघा, एखादी केबल बाहेर येते आणि मग तिथे तासभर जातो.

पिटमध्ये हात मुलांचेच. हे मी पालकांच्या ग्रुपवर आदल्या रात्री लिहिते आणि सकाळी परत सांगते. एखाद्या बाबांना राहवत नाही, पाना हातात घेतात, त्यांचं प्रेम कळतं मला, पण पाना काढून मुलीच्या हातात द्यायचा. मुलाखतीच्या खोलीत तर मेंटॉरने तोंडच उघडायचं नाही. पालकांना दुसरी कामं असतात, पाणी, पोळीचे रोल, केळी, कोण जेवलं नाही ते बघणं. ड्रायव्हर पोरं जेवत नाहीत, त्यांना मॅचच्या मध्ये बसवून खायला घालावं लागतं.

दोन मुलं प्रेक्षकांत बसून दुसऱ्या रोबोंची नोंद करतील, याला स्काउटिंग म्हणतात. कोण ऑटोनॉमसमध्ये काय करतं, कोण कुठे अडकतं, बास, मोठे तक्ते नकोत. पुढच्या मॅचचा जोडीदार कोण ते बघून अर्धा तास आधी त्यांच्या पिटवर जायचं आणि ठरवायचं, तुम्ही डावीकडून, आम्ही उजवीकडून. आमची पोरं पहिल्या वर्षी जायला बुजायची. मांडवात अनोळखी लोकांशी बोलून बोलून ते गेलं.

फर्स्टमध्ये ग्रेशस प्रोफेशनलिझम हा शब्द फार चालतो, एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी तो रुजवला. आम्ही पोरांना सांगतो की जीव तोडून खेळायचं आणि समोरच्याला पाना लागला तर आपला द्यायचा. मागच्या सीझनला समोरच्या टीमचा गेमपॅड ऐन वेळी बंद पडला, आमच्या मुलाने पळत जाऊन राखीव आणून दिला आणि त्याच मॅचमध्ये त्यांनी आम्हाला हरवलं. पोरं गप्प. त्याने मला विचारलं, काकू, दिला नसता तर? मी म्हटलं तर बहुतेक जिंकलो असतो, आणि पुढच्या वेळीही द्यायचा. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग गेमपॅड परत आणायला त्यांच्या पिटवर गेला आणि तिथेच अर्धा तास त्यांचा लिफ्ट, म्हणजे रोबोचा वर-खाली होणारा भाग, बघत बसला. नवा लिफ्ट आमचा आता तसा आहे.

हरल्यावर रडणं येतं, येऊ द्या. लगेच चुका सांगू नका, मी पहिल्या वर्षी सांगितल्या होत्या आणि ते चुकलंच. परतीच्या गाडीत कोणी काही विश्लेषण करायचं नाही, फक्त खायचं आणि झोपायचं, बैठक पुढच्या रविवारी.

त्या रविवारी आधी बॅटऱ्या रोबोतून काढून कोरड्या जागी ठेवा, उसने घेतलेले भाग ज्याचे त्याला पोचवा, वहीतला काय तुटलं हा रकाना भरा. आणि मंडळाची दोरी परत द्यायला पोरांनाच पाठवा. कार्यकर्ते विचारतातच, काय झालं रे स्पर्धेत. मग पोरं तिथेच उभं राहून अडीच मिनिटांची एकेक मॅच सांगायला लागतात, आणि येताना पुढच्या गणपतीची तारीख विचारून येतात.